पहिल्या आजारी जनावराची खबर

आज गोठा सांभाळणाऱ्या तरुण पशुपालकाने बुळकांडी पाहिलेली नाही. त्याच्या आजोबांनी पाहिली असेल. जनावराला कडक ताप भरायचा, तोंडात छाले उठायचे, डोळ्यांतून घाण गळायची, मग दुर्गंधी हगवण लागायची आणि आठ-दहा दिवसांत दावणच्या दावण रिकामी व्हायची. जनावरांतल्या अशा साथींच्या धास्तीनेच १८८९ साली पुण्यात ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. चार वर्षांनी ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. माणसाने ठरवून पृथ्वीवरून घालवलेले रोग आजवर दोनच आहेत, माणसांतली देवी आणि जनावरांतली बुळकांडी. आता लाळ्या-खुरकूत, सांसर्गिक गर्भपात आणि शेळ्या-मेंढ्यांतला पीपीआर या रोगांना त्याच वाटेने घालवायचे असे सरकारने ठरवले आहे, आणि मध्येच उपटलेल्या गुरांच्या लंपी त्वचारोगानेही सर्वांचे डोळे उघडले आहेत. या कामात पशुपालकाने नेमके काय करायचे, हे या लेखात सांगायचे आहे. सांगण्यासारखे बरेच आहे, पण आग्रह एकाच गोष्टीचा आहे: गोठ्यातल्या पहिल्या आजारी जनावराची खबर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पोहोचली पाहिजे. लस सरकार आणू शकते, डॉक्टर पाठवू शकते, बाजार बंद करू शकते. ही खबर मात्र गोठ्यातूनच यावी लागते.

बुळकांडीचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. देशात बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५४ मध्ये सुरू झाला. लस होती आणि ती चांगली होती. मुक्तेश्वरलाच शेळीच्या अंगात वाढवून सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार झाली होती, पुढे पेशींवर वाढवलेली त्याहून निर्धोक लसही आली. गावोगाव कोट्यवधी जनावरे टोचली गेली आणि साथी झपाट्याने कमी झाल्या. पण कमी होणे वेगळे आणि संपणे वेगळे. तीन दशकांहून अधिक काळ टोचणी चालू राहूनही रोग कुठे ना कुठे धुगधुगत राहिला, कारण जिथे लस पोहोचत नव्हती तिथली बातमीही पोहोचत नव्हती. १९९२ पासून नव्या राष्ट्रीय प्रकल्पात कामाची तऱ्हा बदलली. देशाचे विभाग पाडले गेले, गावोगाव फिरून रोगाचा शोध घेतला गेला, संशयित जनावराचे नमुने तपासले गेले आणि जिथे रोग दिसेना तिथे टोचणी मुद्दाम थांबवली गेली. टोचणी थांबवण्यामागे विचार असा, की लसीच्या आडोशाने विषाणू लपून राहिला असेल तर तो उघडा पडावा. शेवटचा रुग्ण १९९५ मध्ये आढळला. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २००४ मध्ये भारत रोगमुक्त आणि २००६ मध्ये संसर्गमुक्त असल्याचे मान्य केले. ‘आमच्याकडे रोग नाही’ हे वाक्य कोणीही म्हणू शकतो. रोग असता तर तो आमच्या नजरेस आलाच असता, हे दाखवता यावे लागते. भारताला ते दाखवता आले, कारण शेवटच्या टप्प्यात लशीच्या कुपीइतकीच किंमत गुराख्याच्या तोंडच्या माहितीला आली होती.

आजचा मोठा कार्यक्रम म्हणजे सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम. पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपये, सगळा खर्च केंद्राचा, आणि सुरुवातीचे उद्दिष्ट असे होते की लाळ्या-खुरकूत व सांसर्गिक गर्भपात २०२५ पर्यंत आटोक्यात आणावेत आणि २०३० पर्यंत त्यांचे निर्मूलन व्हावे. लाळ्या-खुरकुतापासून मुक्त विभाग घोषित करण्यासाठी जी ९ राज्ये निवडली गेली, त्यांत महाराष्ट्र आहे. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार आपल्याकडे आढळतात आणि लशीत तिन्ही असतात. पण तिची प्रतिकारशक्ती साधारण सहा महिनेच टिकते, म्हणून वर्षातून दोनदा टोचणी. वासराला चौथ्या महिन्यात पहिली मात्रा, महिन्याभराने दुसरी आणि मग दर सहा महिन्यांनी, हा क्रम लक्षात ठेवावा. आता साधा हिशोब करा. गावात हजार जनावरे आहेत आणि फेरीत आठशे टोचली गेली, तर कागदावर ते काम उत्तम दिसते. दोनशे मात्र उघडी राहिली. टोचलेल्या आठशेंतही काहींच्या अंगी लस लागलेली नसते आणि सहा महिन्यांच्या टोकाला आणखी काहींची शक्ती उतरलेली असते. लाळ्या-खुरकूत इतक्या वेगाने पसरतो, की या फटी त्याला पुरतात. शिवाय विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जातात आणि लक्षणे दिसण्याआधीच तो दुधातून, श्वासातून बाहेर पडू लागतो. म्हणजे एका गोठ्यात लाळ गळताना दिसली त्या क्षणी शेजारच्या दोन-चार गोठ्यांत तो पोहोचलाही असेल. खबर देण्यात गेलेला एकेक दिवस म्हणूनच महाग असतो. डॉक्टरांना कळले की ते आजारी जनावराभोवती कडे करून टोचतात, बाहेरून आत येत. लंपीच्या साथीत पाच किलोमीटरचा घेर धरला गेला होता. लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे लागतात. आज कळले तर घेर गावापुरता पडतो, पंधरा दिवसांनी कळले तर तालुकाही पुरत नाही.

खबर द्यायची म्हणजे काय, हे नीट समजून घेऊ. जनावरांतील संसर्गजन्य व सांसर्गिक रोगांना प्रतिबंध व नियंत्रण करणारा २००९ चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या अनुसूचीतल्या रोगाचा नुसता संशय आला तरी मालकाने, किंवा ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याने, गावच्या अधिकाऱ्याला वा ग्रामपंचायतीला कळवणे बंधनकारक आहे, आणि त्यांनी ते जवळच्या पशुवैद्यकाकडे पोहोचवायचे आहे. रोगाचे निदान करून मगच कळवायचे, अशी अपेक्षा कायद्याचीही नाही. तेव्हा ‘खात्री नव्हती म्हणून थांबलो’ असे म्हणण्याची गरजच नाही. तोंडाला फेस, तारेसारखी लोंबणारी लाळ, खुरांच्या बेचक्यात जखम आणि लंगडणे, अंगावर अचानक उठलेल्या गाठी आणि ताप, गाभण जनावराचे शेवटच्या तीन महिन्यांत गाभडणे, शेळ्यांत एकाच वेळी नाकातून चिकट स्राव आणि हगवण यांतले काहीही दिसले तर फोन करावा. दवाखान्याचा नंबर हाताशी नसेल तर १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. सांगताना किती जनावरे आजारी, कधीपासून, गेल्या तीन आठवड्यांत नवे जनावर आले का, शेवटची लस कधी टोचली आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक काय, एवढे सांगितले की डॉक्टरांचे निम्मे काम होते. डॉक्टर येईपर्यंत आजारी जनावर दावणीवरून सोडून लांब बांधावे, त्याचे पाणी, चारा, बादली वेगळी करावी. आजारी जनावराचे करणाऱ्याने आधी निरोग्यांचे करून मग त्याच्याकडे जावे, उलट नव्हे. लाळ्या-खुरकुतात लिटरभर पाण्यात ४० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून गोठ्याची जमीन, भांडी, चपलांचे तळ धुतले तरी विषाणू टिकत नाही. लंपीत मुख्य काम माश्या, डास आणि गोचिडांचा बंदोबस्त. गावच्या हौदावर, पाणवठ्यावर, गायरानात त्या गोठ्यातले कोणतेच जनावर नेऊ नये, दिसायला ठणठणीत असलेलेही नाही. आणि आजारी जनावर विकू नये. रोगी जनावर मिळेल त्या भावाला काढून टाकणे म्हणजे आपल्या वेशीतली साथ उचलून दुसऱ्याच्या वेशीत ठेवणे होय.

इथे पहिला आणि सर्वांत खरा आक्षेप येतो. कळवले की आपल्यालाच त्रास होतो, अशी पशुपालकाची भावना आहे. दूध डेअरी घेणार नाही, बाजार बंद होईल, गाव आपल्याला दोष देईल, आणि जनावर मेले तर भरपाईसाठी खेटे घालावे लागतील. ही भीती अडाणीपणाची नाही, तिच्यामागे हिशोब आहे, म्हणून उत्तरही हिशोबानेच द्यायला हवे. पहिली गोष्ट, आपल्याकडे खबर दिल्याने जनावर मारले जात नाही. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा ती थांबवण्यासाठी ६० लाखांहून अधिक जनावरे मारली गेली, त्यांत निरोगी कळपही होते. तिथल्या शेतकऱ्याला खबर देताना काय वाटले असेल याची कल्पना करवत नाही. आपल्याकडे गोवंशाच्या बाबतीत तो मार्ग परवडणारा नाही आणि लोकांना मान्यही नाही. बर्ड फ्लूत कोंबड्या नष्ट कराव्या लागतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात देशातली पहिली साथ उघड झाली तेव्हा लाखो पक्षी मारले गेले. पण गाई-म्हशींच्या लाळ्या-खुरकुतात आणि लंपीत आपले शस्त्र लस, विलगीकरण आणि वाहतूकबंदी एवढेच आहे. दुसरी गोष्ट, भरपाई नोंदीवरच मिळते. २०२२ च्या लंपीत राज्य सरकारने दगावलेल्या दुधाळ गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये दिले, पण त्यासाठी पंचनामा लागत होता. ज्याने आजार दडवला आणि जनावर गुपचूप पुरले, त्याच्या हाती काही पुरावा राहिला नाही. तिसरी गोष्ट नुकसानीची. लाळ्या-खुरकुतात मोठे जनावर बहुधा मरत नाही, म्हणून लोक तो सहन करतात. पण वासरे हृदयाला सूज येऊन तडकाफडकी मरतात, सडांवर फोड येऊन कासदाह होतो, ते वेत हातचे जाते, आणि बरी झालेली गायही पुढे उन्हात धापा टाकत राहते, अंगावर केस वाढतात, माजावर येत नाही. दहा दिवसांची डेअरीची अडचण आणि वर्षभराचे दूध यांतले जड कोणते, हे पशुपालकाला सांगावे लागत नाही. दहापैकी दोन जनावरे आजारी असताना कळवले तर उरलेली आठ वाचण्याची संधी असते. दहाही आजारी पडल्यावर कळवण्यासारखे काही उरत नाही.

बाजारबंदीचे दुखणे मात्र खरे आहे आणि ते हलके लेखू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये संपूर्ण महाराष्ट्र लंपीसाठी नियंत्रित क्षेत्र ठरला, गुरांचे बाजार, जत्रा, प्रदर्शने थांबली. मुलीच्या लग्नासाठी किंवा पेरणीसाठी गाय विकायला काढलेल्या माणसाची त्या काळात कोंडी झाली, व्यापारी आणि हेडेही बसून राहिले. तरीही बंदी योग्य होती असे माझे मत आहे. जनावर स्वतःच्या पायाने चार-पाच किलोमीटर जाते, टेम्पोत बसले की एका रात्रीत चारशे. लंपी देशात २०१९ मध्ये ओडिशात प्रथम दिसली आणि तीन वर्षांत गुजरात, राजस्थान, महाराष्ट्रापर्यंत पसरून तिने एकट्या २०२२ मध्ये दीड लाखाहून अधिक गाई-बैल मारले. एवढे अंतर माश्या-डासांनी एकट्याने कापलेले नाही. महाराष्ट्रात जनावरे हलण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. धनगरांचे कळप पावसाळ्यानंतर डोंगर सोडून खाली येतात. सांगोल्यासारख्या आठवडी बाजारांत कित्येक तालुक्यांतली गुरे एकाच दिवशी एका पाण्यावर येतात. हे सगळे थांबवता येणार नाही आणि थांबवूही नये, कारण पोट त्याच्यावर आहे. करता येते ते एवढेच, की निघण्याआधी निदान तीन आठवडे टोचणी पूर्ण झालेली असावी, कारखान्याच्या तळावर आल्यावर राहिलेले बैल टोचले जावेत, आणि नवे जनावर घरी आणले की तीन आठवडे दावणीला न लावता वेगळे ठेवावे. या शेवटच्या नियमाचा लोकांना सर्वांत कंटाळा येतो, आणि कितीतरी गोठ्यांत रोग शिरतो तो याच कंटाळ्यातून. जागा नसेल तर शेतातल्या झाडाखाली बांधा, पण वेगळे बांधा. खरेदी करताना कानात बिल्ला आहे का ते पाहा. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीवर आणि वाहतुकीवर बंदी आहे. डॉक्टरांकडून ‘भारत पशुधन’ प्रणालीत तो क्रमांक तपासून घेतला की जनावराच्या लसींची नोंद कळते. विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा ती नोंद अधिक भरवशाची.

बिल्ल्याविषयी कुरबुर बरीच आहे. कान पिकतो, काटेरी कुंपणात अडकून फाटतो, बिल्ला गळून पडतो. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यावर उपाय साधा आहे: बिल्ला कानाच्या मधल्या भागात, शिरा टाळून, निर्जंतुक अवजाराने लावून घ्यावा, चार दिवस जखमेवर माशी बसू देऊ नये आणि पडला तर लगेच नवा मागावा. बिल्ले लावून सरकार आपली गुरे मोजणार आणि कर लावणार, ही अफवा मात्र सोडून द्यावी. बिल्ला नसेल तर कोणत्या जनावराला कोणती लस कधी दिली हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही, आणि मग हजारांतली दोनशे कोणती राहिली हेही कळत नाही.

दुसरा मोठा आक्षेप लसीवर आहे. टोचले की दूध कमी होते, जनावर गाभडते, आणि टोचूनही लंपी झालीच की, असे तीन मुद्दे गावोगाव ऐकू येतात. पहिला बरोबर आहे. लाळ्या-खुरकुताच्या लसीनंतर एक-दोन दिवस कणकण येते, टोचल्या जागी गाठ येते, दूध थोडे उतरते आणि पुन्हा भरते. दुसऱ्या मुद्द्यात लसीपेक्षा हाताळणीचा दोष अधिक असतो. ही लस मेलेल्या विषाणूची आहे, तिने रोग होत नाही. पण भरत आलेल्या गाभण गाईला दोरखंडाने पाडून, धावपळ करून टोचले तर त्या ताणाने इजा होऊ शकते. म्हणून दिवस भरत आले असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे, आणि तेव्हा सोडून दिली असेल तर व्याल्यावर आठवणीने टोचून घ्यावी. ही आठवण राहत नाही, आणि राहिलेल्या दोनशेंत अशाच गाई बऱ्याच असतात. तिसरा मुद्दा लंपीचा. आपण २०२२ मध्ये जी लस वापरली ती शेळ्यांच्या देवीची, म्हणजे जवळच्या नात्यातल्या विषाणूची. ती पुष्कळ जनावरांना वाचवते, सगळ्यांना नाही, आणि टोचण्याआधीच विषाणू अंगात शिरला असेल तर ती वाचवू शकत नाही. लंपीच्या विषाणूपासूनच केलेली देशी लस हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी तयार केली आहे. पण लस कोणतीही असो, साथ अंगणात आल्यावर टोचण्यापेक्षा पावसाळ्याआधी, माश्या-डास वाढण्याआधी टोचलेली बरी. लस घेताना पशुपालकाने दोन गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात. कुपी बर्फाच्या डब्यातून आली का? लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहिली पाहिजे, आणि लाळ्या-खुरकुताची लस तर गोठलेलीही चालत नाही, उन्हात तापलेलीही नाही. आणि प्रत्येक जनावराला सुई वेगळी आहे का? हे विचारण्याने कोणाचा अपमान होत नाही. चांगला पशुधन पर्यवेक्षक अशा प्रश्नावर रागवत नाही.

सांसर्गिक गर्भपात हा या सगळ्यांत दडलेला आणि म्हणून अधिक घातक रोग आहे, त्याच्याविषयी वेगळे सांगितले पाहिजे. यात जनावर आजारी दिसत नाही. चांगली खातीपिती गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, जार अडकतो, आणि पुढच्या वेतात ती कदाचित नीट वितेही. मालकाला वाटते, पाय घसरला असेल, दृष्ट लागली असेल. दोनदा झाले की गाय बाजारात जाते आणि घेणाऱ्याच्या गोठ्यात रोग पोहोचतो. हा रोग माणसालाही होतो. गाभडलेले वासरू, जार, गर्भाचे पाणी यांत जिवाणू खच्चून भरलेले असतात आणि उघड्या हाताने ते उचलणाऱ्याच्या अंगात शिरतात. मग येऊन-जाऊन राहणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे आणि कंबर धरणे हे महिनोन्महिने चालते, आणि डॉक्टरांना गोठ्याची माहिती दिली नाही तर निदान हुकते. म्हणून गाय गाभडली की रबरी मोजे नसतील तर निदान हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्यात, गर्भ आणि जार कुत्र्यांपुढे न टाकता चुना घालून खोल पुरावा, गाय वेगळी बांधावी, दूध उकळल्याशिवाय कोणी पिऊ नये, आणि डॉक्टरांकडून तिचे रक्त तपासून घ्यावे. तपासणीआधी ती विकू नये. लस आहे, पण ती फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशीच्या मादी वासरांना, म्हणजे पारड्यांना, जन्मात एकदाच देतात. ती जिवंत जिवाणूंची असल्याने नरांना आणि गाभण जनावरांना देत नाहीत, आणि टोचणाऱ्याच्या हाताला सुई लागू नये म्हणून जनावर घट्ट धरावे लागते. ही चार महिन्यांची संधी गेली की परत येत नाही. तेव्हा कालवड जन्मली त्या दिवशीच तिच्या पाचव्या महिन्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावी.

आता उरतो तो आक्षेप, जो पशुपालक उघड बोलून दाखवतो: आम्ही सगळे करू, पण सरकार काय करते? हा प्रश्न रास्त आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यांतली रिकामी पदे हा महाराष्ट्राचा जुना प्रश्न आहे आणि एका डॉक्टराकडे अनेक गावे असली की फेरीची तारीख पुढे ढकलली जाते. सहा महिने टिकणाऱ्या लशीची फेरी आठव्या महिन्यात आली, तर मधले दोन महिने रोगाला मोकळे असतात. भरपाई मेलेल्या जनावरापुरती आहे. खबर देऊन ज्याने बाजार गमावला, दूध ओतून दिले, त्याला काहीच मिळत नाही. माझ्या मते हीच या धोरणातली सर्वांत मोठी उणीव आहे. खबर देणाऱ्याचे नुकसान भरून निघण्याची सोय झाली तर पहिल्या जनावराची बातमी कितीतरी लवकर बाहेर येईल, आणि त्यावर होणारा खर्च साथीच्या खर्चापुढे अगदी थोडा असेल. बाजार बंद करताना तो कोणत्या परिस्थितीत आणि साधारण कधी उघडेल, हेही त्याच आदेशात सांगितले जावे. बंदी किती दिवसांची हे माहीत नसले की माणूस रात्री टेम्पो भरतो. पण सरकारचे चुकते म्हणून आपण दडवावे, हे उत्तर नव्हे. दवाखान्याच्या नोंदवहीत ज्या गावचा आजारच नाही, त्या गावासाठी जादा लस आणि जादा माणूस कोणत्या आधारावर मागणार? आमच्याकडे डॉक्टर येत नाहीत ही तक्रार लेखी खबरेवर उभी राहिली की तिला वजन येते.

हे काम एकेकट्या गोठ्याचेही नाही. ग्रामपंचायतीने मेलेली जनावरे पुरण्यासाठी गावापासून, विहिरींपासून दूर जागा ठरवून द्यावी, सहा-आठ फूट खोल खड्डा आणि चुना यांची सोय ठेवावी. ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकलेले एक कलेवर पंधरा दिवसांची मेहनत धुऊन काढते. दूध संस्थेने लसीकरणाची तारीख दुधाच्या पट्टीवर छापावी आणि आजार कळवणाऱ्या सभासदाला दंडाची भाषा करू नये. ज्यांच्याकडे दोनच शेळ्या आहेत अशा घरांनाही फेरीत धरावे. विषाणू शेळी आणि संकरित गाय यांत श्रीमंती-गरिबी पाहत नाही, आणि गावाची टोचणी बहुधा अशाच घरांपाशी अपुरी राहते. मोकाट जनावरांचा कोणी मालक नसतो, त्यांची जबाबदारी ग्रामपंचायतीनेच उचलली पाहिजे.

तेव्हा आज संध्याकाळी धार काढून झाली की तीन गोष्टी करा. दावणीवरच्या प्रत्येक जनावराचा बिल्ला आणि शेवटच्या लसीची तारीख एका वहीत उतरवून घ्या. चार ते आठ महिन्यांची कालवड किंवा पारडी असेल तर उद्याच दवाखान्यात सांगा. आणि १९६२ हा क्रमांक गोठ्याच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे घरात तुम्ही नसलात तरी लाळ गळताना प्रथम जो पाहील, मग तो घरातला लहान मुलगा असो की म्हातारी आई, त्याला फोन कुठे लावायचा ते कळेल.